बेजण आणि मी

माझ्या नावापुढे बी. ए. ही अक्षरे लागली ती माझ्या थोरल्या भावामुळे. त्याला मी दादा म्हणत असे. आमच्या घरात त्याच्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते आणि तोही चढला नाही; मला मात्र त्याने हाताला धरून नेऊन बसवले. ज्यांचे उपकार मी मानतो अशी आणखीही माणसे आहेत, पण पहिले नाव काढायचे तर त्याचेच. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचे वाचून कोणाला वाटेल की मी त्याच्याविषयी तक्रार करतो आहे. तक्रार नाही. मत्सर आहे, आणि तोही दादाचा नव्हे, त्याच्या जोडीदाराचा.

दादा घरे शाकारायचा. होळी झाली की त्याचे काम सुरू होई आणि आभाळ भरून येईपर्यंत चाले. घरावरची कौले एकेक करून उतरवायची, शेवाळ खरवडायचे, फुटकी बाजूला काढायची, वासे आणि रिपा तपासायच्या आणि पुन्हा सगळे जिथल्या तिथे बसवायचे. हे काम एकट्याने होत नाही. एक जण वर आढ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसतो आणि कौले काढून खाली सोडतो. दुसरा वळचणीला, म्हणजे छपराच्या अगदी कडेला, उकिडवा बसून ती झेलतो. झेललेले कौल तो बोटाच्या पेराने वाजवून बघतो. खणखणीत वाजले तर ठेवायचे. बद्द वाजले तर त्याला तडा गेलेला असतो, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. दादा वळचणीला बसे. आढ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत मोभावर, बसे तो डहाणूजवळच्या मसोलीचा एक माणूस. दादाच्याच वयाचा, हाडकुळा, चौथी पास. त्याला सगळे मसोलीवाला म्हणत. मीही तेच लिहितो.

झाईपासून डहाणूपर्यंतच्या रस्त्यावर या दोघांना कोणी वेगवेगळे ओळखत नसे. गुजरातीत 'बे' म्हणजे दोन. बंगल्यांतल्या गुजराती बोलणाऱ्या मंडळींनी त्यांना 'बेजण' म्हणायला सुरुवात केली आणि मग मराठी बोलणारेही तेच म्हणू लागले. 'यंदा बेजणांना आधीच सांगून ठेवा.' 'बेजण आला का?' जणू ते एकाच माणसाचे नाव आहे. मला हे नाव पहिल्यापासून आवडले नाही. त्यात तिसऱ्याला जागा नव्हती.

पाचवीला मी डहाणूला वसतिगृहात राहायला गेलो तेव्हा दादा पोचवायला आला होता. आमचा पाडा तलासरीच्या बाजूला, आत. तिथून बोर्डीपर्यंत चालत आणि पुढे झाईहून येणारी एसटी. मी एसटीत पहिल्यांदाच बसत होतो. उजव्या हाताला सुरूच्या झाडांमागे समुद्र, डाव्या हाताला चिकूच्या वाड्या. वाड्यांतले बंगले झाडांमधून तुटक तुटक दिसत होते. चारी बाजूंनी व्हरांडा, मोठ्या छपरावर आणखी एक लहान छप्पर, आणि त्या दोहोंमध्ये वारा खेळावा म्हणून लाकडी जाळी. गावात शिरल्यावर मात्र घरे रस्त्याला येऊन भिडली. एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली, उंच ओटल्यांची. ओटल्यांवर कोरीव लाकडी खांब. वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला आणि खिडक्यांच्या वरच्या भागात लाल, हिरव्या, निळ्या काचा. पडवीच्या कडेला लाकडाची कातरलेली झालर असे. एसटी इतक्या जवळून जात होती की हात बाहेर काढला असता तर ती हाताला लागली असती.

मी तोंड उघडे टाकून ओटले बघत होतो. दादा म्हणाला, "खाली काय बघतोस? वर बघ. घर वर असतं."

"वर तर नुसती कौलं आहेत."

"नुसती?" दादा हसला. "ते बघ, त्या घराच्या मोभाला मधोमध झोल आलाय. मालकाला माहीत नाय. त्याच्या पलीकडच्याच्या पन्हळीत चिमण्या घर करतात, दर वर्षी काढायला लागतं. आणि हे निळ्या काचांचं, हे आपलं घर."

मी दचकून त्याच्याकडे पाहिले. "आपलं?"

"आपलं म्हणजे आपुन शाकारलेलं. मी नि मसोलीवाल्यानं."

"मग मी कुठे शाकारलंय?"

"तू आपल्यातलाच की," दादा म्हणाला आणि माझी पत्र्याची पेटी घेऊन उतरायला उठला.

त्या एका वाक्यावर मी वसतिगृहातले पहिले वर्ष काढले.

सुटी असली की ते दोघे जिथे काम करत असतील तिथे मी जात असे. एकदा तरी वर चढावे, त्यांच्यामध्ये बसावे, एवढीच माझी इच्छा होती. एका दुपारी मी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दादाची माझ्याकडे पाठ होती. त्याने वळून न बघताच सांगितले, "पाय काढ."

"एकदाच."

"तुझं काम खाली. पुस्तक घे नि ओटल्यावर बस."

मोभावरून मसोलीवाला म्हणाला, "चढू दे की रे. साहेब झाल्यावर कोण चढणार?"

"तू गप. कौल सोड."

कौल सुटले, दादाने झेलले, पेराने वाजवले. पुढे तासभर दोघे एक शब्द बोलले नाहीत. वरून 'हं' आले की खालून 'हां' जाई, बस. कधी नुसता घसा खाकरल्याचा आवाज येई आणि दुसऱ्याला त्यावरून कळे की पुढची ओळ सैल आहे, जपून. मी भूगोलाचे पुस्तक उघडून ते ऐकत बसलो होतो. माझ्याशी दादा पुष्कळ बोलायचा. जेवलास का, अभ्यास केलास का, गुरुजी काय म्हणाले. मला ते बोलणे नको होते, मला तो 'हं' हवा होता.

आमच्या घरावर नळीची कौले होती आणि आत दिवसासुद्धा अंधार असे. सातवीच्या परीक्षेआधी दादाने कुठल्याशा बंगल्यावरून उरलेले एक काचेचे कौल आणले आणि मी जिथे वाचायला बसे त्याच्या बरोबर वर बसवले. बंगल्याचे चपटे कौल नळीच्या कौलांत नीट बसेना म्हणून भोवती माती लिंपली. पावसाळ्यात तिथून एक थेंब हमखास गळे. मग दादा पुस्तकाशेजारी वाडगा ठेवी. त्या उजेडाच्या चौकोनात बसून मी मॅट्रिकपर्यंतच्या सगळ्या सुट्यांत अभ्यास केला. साऱ्या पाड्यात असे कौल फक्त आमच्याकडे होते. ते माझ्यासाठी होते, एकट्या माझ्यासाठी, याचे मला फार सुख वाटे.

पुढे कॉलेजसाठी मी मुंबईला गेलो. पाड्यावर टपाल येई ते कोणी मुद्दाम आणले तर. आणि आले तरी वाचणार कोण? म्हणून मी मसोलीवाल्याच्या पत्त्यावर पत्रे पाठवी. म्हणजे माझे प्रत्येक पत्र आधी त्याच्या हातात पडे, त्याच्या तोंडून दादाच्या कानांत जाई, आणि दादाचे उत्तर त्याच्या हाताने लिहून माझ्याकडे येई. चार वर्षे माझ्या आणि दादाच्या मध्ये तो माणूस मोभावर बसावा तसा बसला होता.

त्याचे अक्षर सुरेख होते, हेही मला खुपे. आणि मजकूर? एक पत्र मला अजून तोंडपाठ आहे. 'आपले पत्र पावले. आपण अभ्यास करत आहात हे वाचून समाधान वाटले. आम्ही इकडे खुशाल आहोत. यंदा आम्ही बोर्डीची घरे घेतली. आमच्या घरचा आंबा चांगला आला.' आमच्या घरचा आंबा! तो आंबा माझ्या घराच्या अंगणात होता. त्याच्या फांदीवरून पडून माझ्या कपाळाला खोक पडली होती. मराठीत आपण म्हटले की ऐकणारा आत येतो आणि आम्ही म्हटले की तो दाराबाहेर राहतो. एसटीतला तो 'आपल्यातला' कुठे गेला, हे मी वसतिगृहाच्या खाटेवर पडून स्वतःला विचारी. दादाने मला बाहेर काढले नाही, याची खात्री होती. मग हे 'आम्ही' कोणाचे? उत्तर एकच सापडे, आणि ते मसोलीला राहत होते.

बी. ए. झालो आणि दक्षिणेकडे, रेल्वेने तीन तासांवरच्या एका गावातल्या हायस्कुलात मराठीचा शिक्षक म्हणून लागलो. दुसऱ्याच वर्षी मसोलीहून पत्र आले. 'मागील महिन्यात दादा वळचणीवरून पडला. खांदा निखळला होता, बसवला. आपण काळजी करू नये. आम्ही आहोत.'

मागील महिन्यात! आणि 'आम्ही आहोत'! ते पत्र मी दोन दिवस खिशात घेऊन वर्गात शिकवत होतो. मग मुख्याध्यापकांकडे गेलो. शाळेत शिपायाची एक जागा रिकामी होणार होती, राहायला आवारातच खोली. दादाबद्दल सगळे सांगितले. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "तुमच्या भावाने तुम्हाला शिकवलं, तर शाळेनेही त्याच्यासाठी काही करावं. पण सुटी संपायच्या आत पक्कं सांगा, जागा फार दिवस अडवून ठेवता येणार नाही."

मी लगेच लिहिले. बोलताना मी दादाला 'तू' म्हणत असे. पण पदवी घेतल्यापासून, आणि विशेषतः मराठी शिकवू लागल्यापासून, पत्रात 'आपण' लिहू लागलो होतो. थोरल्या भावाला मान दिला पाहिजे असे मला वाटे. 'आपण आता इकडे राहायला यावे. आपल्याला छपरावर चढण्याची गरज नाही. आपली राहण्याची सोय शाळेच्या आवारात होईल.' असे लिहिले. उत्तरात पावसाचा अंदाज होता, आंब्याच्या कैऱ्या होत्या, नोकरीचे अक्षर नव्हते. पुन्हा लिहिले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा खुलासेवार लिहिले, तेव्हा उत्तरच आले नाही.

मला शंका उरली नाही. मसोलीवाला माझी पत्रे वाचताना तेवढाच भाग गाळत होता. त्याचा जोडीदार जाणार होता, तो कशाला वाचून दाखवेल?

वैशाखातल्या एका सकाळी मी डहाणू रोडला उतरलो आणि तडक मसोलीला त्याच्या घरी गेलो. घरी त्याची बायको होती. तिने बसायला पाट दिला, पाणी दिले, "मास्तर, उन्हाचे आलात," म्हणाली. मी वर पाहिले. छपरात काचेचे कौल होते. आमच्यासारखेच, फक्त नीट बसवलेले, गळायला फट नसलेले.

"हे कधी बसवलं?"

"तुम्ही मुंबईला गेलात त्या वर्षी. तुमच्या दादांनीच बसवलं. इथं उजेड नव्हता ना, तुमची पत्रं वाचताना ह्यांना अक्षर लागायचं नाय." तिने उजेडाच्या चौकोनाकडे बोट दाखवले. "दोघं हितं बसतात. एकेक पत्र तीन तीनदा वाचून घेतात."

हे ऐकून कोणाचेही मन निवले असते. माझ्या मनात आले ते असे, की माझ्या घरी उजेड एकट्यावर पडत होता आणि इथे दोघांवर पडतो. मी पाणीही पुरते न पिता उठलो.

ते दोघे घोलवडकडे आहेत एवढेच तिला माहीत होते. मी एसटीत चढून कंडक्टरला विचारले.

"कोण, बेजण?" तो म्हणाला. "घोलवडला, रस्त्यालगतच्या पिवळ्या बंगल्यावर. तिथं घंटा मारतोच आम्ही त्यांच्यासाठी. एक जण हात वर करतो. दुसरा नाय करत."

"कोण करत नाही?"

"कडेला बसतो तो. पडल्यापासून त्याचा हात खांद्याच्या वर जात नाय म्हणतात. एका हातानंच झेलतो. पण झेलतो बघा."

पुढच्या बाकावरच्या, मांडीवर भाजीची पाटी धरलेल्या बाईंनी मागे वळून विचारले, "तुम्ही कोण त्यांचे?"

"कडेला बसतो त्याचा धाकटा भाऊ."

"भाऊ?" बाई मला खालून वर न्याहाळत म्हणाल्या. "मला वाटलं, ते दोघंच भाऊ."

एसटी उत्तरेला निघाली. घरे मागे पडू लागली, कोरीव खांब, ओटले, निळ्या काचांचे ते घर. पहिल्या प्रवासात मी वर बघायला शिकलो होतो. त्या दिवशी मला वर बघवेना. जिथे नजर जाई तिथे बेजणांनी बसवलेली कौले होती. बावीस वर्षे दोघांनी हे सारे गाव वरून शिवून काढले होते, आणि मी त्याखालून तिकीट काढून चाललो होतो.

पिवळा बंगला लांबूनच दिसला. पुढे दोन खांबांची कमान, वर दुहेरी छप्पर, आढ्याच्या दोन्ही टोकांना कौलांचेच कळस. अर्धे छप्पर उघडे पडून वासे दिसत होते. मोभावर मसोलीवाला आणि वळचणीला दादा, डावा हात मांडीवर ठेवून. कौल घसरत आले. त्याने उजव्या हाताने धरले, मांडीवर टेकवले आणि त्याच हाताच्या पेराने वाजवले. मला पाहून तो इतका घाईने शिडीकडे वळला की मीच ओरडलो, "सावकाश!"

बंगल्याच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी व्हरांड्यात चहा पाठवला. तिघे तिथेच पायरीवर बसलो.

"बरं झालं आलास," दादा म्हणाला. "मी ह्याला कवापासून सांगतोय, उत्तर लिही, उत्तर लिही. हा लिहीतच नाय."

मी विजयी नजरेने मसोलीवाल्याकडे पाहिले. "का लिहिलं नाही?"

तो तळहातावरचे शेवाळ नखाने काढत होता. "लिहिणार होतो," म्हणाला.

"त्याला म्हटलं, आपुन येतो असं लिही," दादा म्हणाला. "दोघांनी काय करायचं ते तिकडं गेल्यावर बघू. एक जण घंटा देईल, एक जण झाडेल. आणि शाळेचं छप्पर मोठं असेल की. कौलारू आहे ना?"

"दोघांनी?"

"तूच लिहिलंस की. आपण यावे. आपल्याला छपरावर चढायला नको. आपली सोय होईल. मी तीन तीनदा वाचून घेतलं." मग मसोलीवाल्याला कोपराने ढोसून तो म्हणाला, "मी ह्याला म्हटलं, बघ, पोरानं तुला पण बोलावलंय. उगाच म्हणायचास, मास्तर आपल्याशी नीट बोलत नाय."

आमच्या पाड्यावर माणसाला मानाने 'आपण' म्हणायची रीतच नव्हती. तिथे आपुन म्हणजे आपण सगळे. दादाच्या कानाला दुसरा अर्थ माहीत नव्हता. पण मसोलीवाला चौथी शिकला होता. त्याला माहीत होता. तो आता कौलांच्या ढिगाकडे बघत होता.

त्या वेळी मी काहीही बोलू शकलो असतो. मुख्याध्यापकांना विचारतो, म्हणालो असतो. बघू, म्हणालो असतो. मी म्हणालो, "जागा एकच आहे, दादा. 'आपण' म्हणजे तुम्ही. मानाने लिहिलं होतं."

"तुम्ही म्हणजे?"

"म्हणजे तू."

"एकटा?"

"एकटा."

दादाने बशीतला चहा संपवला. कपबशी धुऊन उंबऱ्याजवळ ठेवली. मग शिडीला हात लावून उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मग तसं लिही. नीट लिही. तुझ्या तोंडावर मला नाय म्हणता येत नाय. आणि ह्याला सोडून जातो, हे ह्याच्या तोंडावर म्हणता येत नाय. लिहिलेलं असलं म्हंजे बरं पडतं." आणि तो वर गेला.

मसोलीवाला उतरलेली कौले लावून ठेवण्यासाठी खाली थांबला होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"तुम्हाला अर्थ कळला होता."

"पहिल्याच वेळेला."

"मग त्याला सांगितला का नाही?"

"कसा सांगू, मास्तर? तीनदा वाचायला लावलं. तिन्ही वेळेला खूष. मी म्हटलं, 'दोघं येतो' लिहिलं तर फसवणूक होते, अर्थ सांगितला तर त्याचा भाऊ लहान होतो. म्हणून काहीच केलं नाय."

मला राग आला, कारण रागवायला जागा उरली नव्हती. मी इतक्या वर्षांचे शल्य काढले. "आणि ते 'आम्ही'? आमच्या घरचा आंबा? आम्ही खुशाल आहोत? मी कोण होतो?"

तो आधी गोंधळला. मग त्याच्या ध्यानात आले आणि तो चक्क हसला. "दादा सांगतो तवा 'आपुन' सांगतो. आपुन खुशाल हावोत. आपल्या घरचा आंबा आला. आता तुम्ही शिकलेले, तुम्हाला मी मानानं 'आपण' लिहिणार. मग त्याचं 'आपुन' कुठं घालू? तुम्हाला वाटायचं, आंबा तुम्हालाच आला. म्हणून सगळीकडं 'आम्ही' करून टाकायचो. गुरुजींनी सांगितलेलं, पत्र शुद्ध पाहिजे."

वळचणीकडून दादाच्या खाकरल्याचा आवाज आला. मसोलीवाला "हां" म्हणाला आणि शिडी चढू लागला.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो. कंडक्टरने बंगल्यापाशी घंटा मारली. मसोलीवाल्याने हात वर केला, दादाने नुसती मान हलवली. गाव आले तसा मी वर बघू लागलो. झोल आलेला तो मोभ केव्हाच सरळ झाला होता. निळ्या काचांच्या घरावर पन्हळीकडेच्या दोन ओळी नव्या, तांबड्या दिसत होत्या. मत्सर त्या दिवशी गेला, असे लिहिले तर ते खोटे होईल. इतक्या वर्षांची पत्रे मी मनात पुन्हा वाचत गेलो, प्रत्येक 'आम्ही'च्या जागी 'आपुन' घालून, आणि तरीही मला वाटत होते की ते 'आपुन' पहिल्यांदा त्याने ऐकले, मी नाही. एक गोष्ट मात्र डहाणू रोडला उतरेपर्यंत कबूल करावी लागली. दादा पडला म्हणून मी त्याला बोलावले, हे खरे. पण तो पडला नसता तरी मी त्याच्यासाठी कुठेतरी एक जागा शोधलीच असती. एकाच माणसाची.

शाळेत गेल्यावर आधी मुख्याध्यापकांना भेटलो, मग पत्र लिहिले.

"मसोलीवाले,

हे पत्र तुम्ही काचेच्या कौलाखाली बसून वाचाल आणि दादा शेजारी असेल. एवढंच करा, काही गाळू नका आणि काही शुद्ध करू नका. तुमच्याबद्दल वाकडं लिहिलंय तेही मोठ्यानं वाचा.

दादा,

या वेळी बोलतो तसं लिहितोय, म्हणजे घोटाळा नको. शाळेतली जागा दुसऱ्या कोणाला द्या असं मी सांगून आलोय. तुला नाही म्हणावं लागू नये म्हणून मीच नाही म्हणून टाकलं.

मी एकट्या तुलाच बोलावलं होतं. तुझा खांदा गेला म्हणून बोलावलं, पण मसोलीवाल्यांपासून तुला सोडवायचं म्हणूनही बोलावलं. मला त्यांचा हेवा वाटतो. शिडीवरून पाय काढायला लावलास तेव्हापासून वाटतो. त्यांना तू 'हं' म्हणतोस आणि मला 'जेवलास का' विचारतोस. तू मला खाली ठेवलंस म्हणून मी शिकलो, हे मला कळतं. तरी वाटतो. माझं पत्र ऐकून तुला वाटलं, मी दोघांना बोलावलं. मला ते सुचलंसुद्धा नव्हतं. तुला सुचलं.

आता माझं एक ऐक. तुझा हात वर जात नाही, हे मला एसटीच्या कंडक्टरकडून कळलं. यापुढे तू मोभावर बस आणि त्यांना वळचणीला बसू दे. मोभावर दोन्हीकडे पाय टाकता येतात. कौल वरच वाजवून बघ आणि मग सोड. त्यांना झेलता येतं की नाही ते मला माहीत नाही, पण बावीस वर्षं बघितलंय त्यांनी.

पुढच्या वैशाखात सुटीला येईन. शिडी चढणार नाही. उतरलेली कौलं घासायला खाली एक माणूस लागतोच, तो मी. डहाणूला एसटीतून जाताना कोणी विचारलं तर आपण तिघं आहोत असं सांगायचं.

मसोलीवाले, शेवटची ओळ तुमच्यासाठी. उत्तर लिहाल तेव्हा दादा 'आपुन' म्हणाला तर 'आपुन'च लिहा. शुद्धलेखनाचं मी बघून घेईन."